यूकेजीतलं कर्सिव्ह: आधी ओळख की आधी वळण?

शेवतीचीवेणी

लेक सव्वापाच वर्षांची, म्हापशाजवळच्या एका इंग्रजी शाळेत यूकेजीला. छापील एबीसीडी मोठी-छोटी दोन्ही येते. 'कॅट', 'सन', 'मग' असले शब्द बोट ठेवून वाचते. जूनच्या पालकसभेत सांगितलं की चतुर्थीच्या सुट्टीनंतर सगळं लेखन कर्सिव्हमध्ये, म्हणजे जोडून काढायच्या वळणाच्या अक्षरांत होणार. तेव्हापासून रोज चाररेघी वहीचं एक पान घरी येतं. वर टीचरनी लाल पेनने काढून दिलेलं अक्षर, खाली ठिपक्यांवरून गिरवायचं आणि मग पान संपेपर्यंत आपलं आपण काढायचं.

पान ती भरते. पण भरून झाल्यावर 'हे कुठलं गं?' विचारलं की गप्प. 'आर'ला 'एन' म्हणते, 'बी' आणि 'एफ' तिच्या लेखी एकच, 'एस' तर ओळखतच नाही. आत्ताच पानभर गिरवलेलं असतं, तरीही.

दुसरी भानगड घरची. सासूबाई तिला पाटीवर अ आ इ ई शिकवतात. दोघींनाही त्यात मजा येते आणि मला ते बंद करायचं नाही. पण आता लेक इंग्रजी अक्षरंही वरच्या रेघेला चिकटवून काढते, खालची रेघ मोकळीच.

टीचर म्हणतात, 'घरी प्रॅक्टिस घ्या.' कसली आणि कुठल्या क्रमाने, ते कोणी सांगत नाही. ए पासून झेडपर्यंत सरळ जायचं? बाजारातल्या कर्सिव्हच्या पुस्तकांचा उपयोग होतो का? की हे वयच नाही? यातून गेलेल्यांनी सांगा.

कुळागर

सव्वापाच वर्षांच्या पोरीला कर्सिव्ह? शाळा बदला.

शेवतीचीवेणी

@कुळागर, जवळ हीच एक आहे हो. आणि पुढच्या वाड्यावरच्या शाळेतही हेच चाललंय. उपाय सांगा.

पाटीपेन्सिल

मी फोंडा तालुक्यात बालवर्ग घेते, बरीच वर्षं झाली. तुमच्या लेकीचं काही बिघडलेलं नाही, आधी हे ऐका.

अक्षर ओळखणं आणि अक्षर काढणं ही दोन वेगळी कामं. शाळा ती एकाच पानावर उरकायला बघते. मूल ठिपके जोडत असतं तेव्हा त्याचं लक्ष पुढच्या ठिपक्यावर असतं, अख्खं अक्षर त्याला दिसतच नाही. पान भरतं, डोक्यात काही उतरत नाही.

शाळेचं पान होऊ द्या, त्यावरून वाद नको. पण घरचा वेळ ओळखीला द्या. पत्ते करा, एकावर छापील अक्षर, दुसऱ्यावर तेच कर्सिव्ह. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, कागद जाड असतो. सव्वीसच्या सव्वीस एकदम काढू नका. आय, टी, यू, सी, डी, ओ, एल ही कर्सिव्हमध्येही जवळजवळ तशीच राहतात, नुसती शेपटी फुटते. ती मुलं न शिकवता ओळखतात आणि 'मला येतंय' असं त्यांना वाटतं. मग एम, एन, एच, डब्ल्यू, वाय. खरी भांडकुदळ मोजकीच आहेत: बी, एफ, के, आर, एस, झेड. त्यांच्याशी एकेकट्याने ओळख करून द्यायची. 'आर' आणि 'एस' एकाच दिवशी कधीही नको.

आपल्या नजरेतून सुटणारी एक गोष्ट. गोष्टीच्या पुस्तकात छापलेला छोटा 'ए' आणि आपण हाताने काढतो तो छोटा 'ए' मुळातच वेगळे असतात. पुस्तकातल्याला डोक्यावर वाकडी टोपी असते. त्यात कॅपिटल वेगळं, कर्सिव्ह वेगळं, कर्सिव्ह कॅपिटल आणखी वेगळं. म्हणजे एकाच अक्षराचे पाच अवतार, आणि आपण म्हणतो पोर ओळखत का नाही!

लिहिण्याचा क्रम एबीसीडीचा नको, हात कसा फिरतो त्यावरून घ्या. आधी आय, यू, टी, डब्ल्यू. खालच्या रेघेवरून वर चढायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. हे बसलं की 'सी'. वर जाऊन डावीकडे मागे वळायचं. 'सी' चांगला आला की ए, डी, जी, क्यू, ओ मागोमाग येतात, कारण सगळ्यांच्या पोटात 'सी'च आहे. नंतर फासाची, म्हणजे वर दोरीसारखा फास घेणारी: ई, एल, एच, के, बी, एफ. त्यानंतर कमानीची: एन, एम, व्ही, वाय, एक्स. आर, एस, झेड शेवटी. पी आणि जे मध्ये कुठेही घाला, ते त्रास देत नाहीत.

रेघेचं उत्तर सविस्तर लागेल, ते संध्याकाळी लिहिते. आत्ता शाळेची घंटा झाली.

तांबडीमाती

मूळ प्रश्नालाच हात घालतो. हे लागतं कशाला? मी पर्वरीला आयटीत आहे, सही सोडली तर हाताने काही लिहायची वेळच येत नाही. फिनलंडने २०१६ पासून शाळांवरची कर्सिव्हची सक्ती काढली. अमेरिकेत २०१० च्या कॉमन कोअर या शालेय अभ्यासाच्या निकषांत कर्सिव्हचा उल्लेखच नव्हता. आणि आपण ते यूकेजीत नेऊन ठेवतोय.

मांडवीकाठ

अमेरिकेची गोष्ट अर्धीच सांगितलीत. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०२४ पासून पहिली ते सहावीला कर्सिव्ह शिकवणं बंधनकारक झालं.

तांबडीमाती

पहिली ते सहावी. यूकेजी नाही. आभारी आहे.

बोरूबहाद्दर

मी जुना माणूस, डिचोलीकडचा. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकून पाचवीला इंग्रजी हायस्कुलात गेलो. तिथे सरांनी पहिल्या सहामाहीत चार लिप्या घोटून घेतल्या. पहिली मोठी छापील, दुसरी छोटी छापील, तिसरी मोठी वळणाची, चौथी छोटी वळणाची. टाक आणि दौत. शाईचा डाग पडला की पान परत. त्या चौथ्या लिपीवर पुढे सगळी नोकरी काढली. साहेब लोक माझ्याकडून मसुदे लिहून घेत.

म्हणजे मी कर्सिव्हच्या बाजूचा आहे हे कळलंच असेल. पण तेव्हा आमचे हात दहा वर्षांचे होते, मराठी अक्षर बसलेलं होतं, बोटांत ताकद होती. चार लिप्या आम्हाला सहा महिन्यांत आल्या त्या सरांच्या छडीमुळे नव्हे, वयामुळे. पाच वर्षांच्या पोराकडून तेच काम दोन वर्षं रडवून करून घेण्यात काय हशील?

आमचे आजोबा मोडी लिहीत. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात, मग तिच्याखाली बोरू फारसा न उचलता अक्षरं सोडत जातात. ताई, तुमची लेक रेघेला लटकवून धावतं लिहिते म्हणता, ती चुकून मोडीच्या वाटेला लागली असेल!

रातांबा

आमच्याकडे उलटा प्रकार झाला. सत्तरीतली सरकारी मराठी प्राथमिक शाळा. मुलाला इंग्रजी विषय होता, पण सगळं छापील. पाचवीला हायस्कुलात गेला, माध्यम इंग्रजी, आणि पहिल्या आठवड्यातच वह्या कोऱ्या यायला लागल्या. 'फळ्यावरचं कळत नाही,' म्हणायचा. घरीदारी सगळ्यांनी माध्यमावर बोट ठेवलं. एके दिवशी शेजारच्या मुलाची वही आणून त्यातलाच धडा मी छापील अक्षरांत लिहून दिला. घडाघडा वाचला! अर्थही बराचसा लागला. अडत होतं ते सरांचं फळ्यावरचं कर्सिव्ह.

आमच्या खेडोपाडीच्या मराठी शाळांतून पाचवीत जाणाऱ्या मुलांची ही अडचण कोणी बोलून दाखवत नाही. माध्यमाच्या भांडणात सगळ्यांना रस, फळ्यावर सर काय आणि कसं लिहितात ते बघायला कोणाला वेळ नाही.

मी त्याला कर्सिव्ह लिहायला लावलंच नाही. रोज डब्यात एक चिठ्ठी टाकायची, इंग्रजीत, कर्सिव्ह, एकच ओळ. संध्याकाळी कोण येणार, उद्या भाजी कसली. ती वाचल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. दिवाळीपर्यंत फळा वाचायला लागला. स्वतः अजून सुटी अक्षरंच काढतो, आणि कोणाचं काही अडत नाही.

कुशावती

डब्यातल्या चिठ्ठीची युक्ती फार आवडली. वाचनखूण साठवली.

पाटीपेन्सिल

@रातांबा, हे मी आमच्या हायस्कुलातल्या शिक्षकांना वाचून दाखवणार आहे.

आता रेघेचं. मराठी अक्षर वरून लोंबतं, इंग्रजी अक्षर खाली टेकतं. मुलाला हे कोणी सांगितलेलंच नसतं. वर्गात मी असं सांगते: मराठी अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे, इंग्रजी अक्षरं म्हणजे सोप्यावर, घरापुढच्या बाकावर, टेकलेली माणसं. एवढं ऐकलं की अर्ध्या मुलांचं काम होतं. उरलेल्यांसाठी रंग वापरायचा. चाररेघी वहीत वरखाली दोन लाल रेघा आणि मध्ये दोन निळ्या असतात. त्यातल्या खालच्या निळीवर तपकिरी खडू ओढायचा. ती जमीन. ए, सी, ओ यांनी दोन निळ्यांच्या मधल्या घरात राहायचं, एल आणि बी वरच्या मजल्यावर जातात, जी आणि वाय तळघरात उतरतात.

आजींचा अभ्यास मुळीच बंद करू नका. फक्त जागा वेगळी ठेवा. मराठी पाटीवर किंवा दुरेघी वहीत, इंग्रजी चाररेघीत. एकाच पानावर, एकाच बैठकीत दोन्ही नको.

बाजारातली पुस्तकं: घेऊ नका असं म्हणत नाही, पण आधी शाळेतून त्यांचा अक्षरांचा तक्ता मागून घ्या. 'आर' दोन तऱ्हांनी काढतात. काही ठिकाणी प्रत्येक अक्षर खालच्या रेघेवरून सुरू होतं, काही ठिकाणी नाही. शाळेची एक तऱ्हा, पुस्तकाची दुसरी, आईची तिसरी झाली तर पोर म्हणेल, मोठ्या माणसांनाच येत नाही.

मांडवीकाठ

जुने कागद वाचणं हा माझा छंद, आता थोडंफार कामही. म्हणून एक वेगळी बाजू.

गोव्यात वळणाचं अक्षर वाचता न येणं परवडत नाही. पणजीच्या पुराभिलेखाचं दप्तर १५९५ मध्ये सुरू झालं, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु त्याचा पहिला रखवालदार. पुढची चार शतकं बहुतेक सगळं हाताने लिहिलेलं. जमिनीच्या एस्क्रितुरा (दस्तऐवज), कोमुनिदादीच्या (गावकीच्या) वह्या, जन्ममृत्यूच्या नोंदी. आज १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्या आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व मागणारी नातवंडं रांगेत असतात. नोंदीची प्रत हातात पडते आणि आडनावाचं पहिलं अक्षर 'एल' की 'एस' यावर गाडी अडते. एका घरात तर सख्ख्या भावांची आडनावं दोन तऱ्हेने उतरली, कारण पुढच्या कारकुनाने मागच्याचं 'एन' 'यू' वाचलं. फार जुन्या कागदांत शब्दाच्या मधला 'एस' लांब असतो, हुबेहूब 'एफ'. शेवतीताई, तुमच्या लेकीचा गोंधळ नवा नाही, तो सरकारी दप्तरातही सापडतो.

म्हणून माझं मत असं की वाचता सगळ्यांना यायला हवं. लिहिणं ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावं.

तांबडीमाती

वाचण्यापुरतं मान्य. पण आजोबांचे कागद वाचायला यूकेजीपासून तयारी नको.

मांडवीकाठ

मी वय कुठे म्हणालो? पण कर्सिव्ह लहानांना झेपतच नाही असंही नाही. मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोमच्या वस्तीत बालगृह काढलं, तिथे सुरुवातच वळणाच्या अक्षरांनी केली, छापील नंतर. बालशिक्षणात काम केलेल्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांमुळे ती पद्धत आपल्याकडे परकी राहिली नाही. १९३९ मध्ये माँटेसरी स्वतः मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षं इथेच राहिल्या.

पाटीपेन्सिल

तिथल्या मुलांच्या हातात पहिल्या दिवशी वही नव्हती हो. खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं पाटीवर चिकटवलेली, स्वर एका रंगावर, व्यंजनं दुसऱ्यावर. मुलाने तर्जनी आणि मधलं बोट फिरवायचं आणि अक्षराचं नाव नाही, उच्चार म्हणायचा. लिहिणं त्यानंतर, आपसूक.

घरी करता येतं. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणा, अक्षर उलटं आखून कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा. कुठून सुरू करायचं तिथे हिरवा ठिपका. एका वेळी तीनच अक्षरं पुढ्यात. 'ह्यातलं म्म् दे.' 'आता ट् कुठे ठेवलंस?' शेवटी बोट ठेवून 'हे काय?' हा शेवटचा प्रश्न घाईने विचारायचा नाही. आधीच्या दोन प्रश्नांत मूल दहा वेळा बरोबर येऊ दे.

हातगुण

मी मडगावला लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे 'अक्षर खराब' म्हणून येणारी निम्मी मुलं यूकेजी आणि पहिलीची असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही झालेलं नसतं.

तयारी आहे का, हे घरी बघता येतं. समोर आकृती काढून ठेवा आणि तशीच काढायला सांगा. गोल बहुतेकांना तीनच्या आसपास जमतो, अधिकचं चिन्ह चारला, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण त्यानंतर थोड्या दिवसांनी. तिरपी रेघ ओढता येणं महत्त्वाचं, कारण कर्सिव्हचा चढ तिरपाच असतो. लेकीचा त्रिकोण अजून कोपऱ्यांत गोल होत असेल तर अक्षरांचा आग्रह थोडा थांबवा. पुढे-मागे वर्षभराचा फरक अगदी साधा आहे.

हातात ताकद वहीने येत नाही. कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, अबोलीचे वळेसर (गजरे) करताना तिला शेजारी बसवा. फुलाचा देठ चिमटीत धरून दोऱ्यात अडकवणं याहून चांगला व्यायाम मी लिहून देऊ शकत नाही. चतुर्थीच्या आधी जवळच्या चित्रशाळेत, गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे, नेऊन थोडी माती मागा. उंदीर करू दे, मोदक करू दे.

अक्षर आधी मोठं, मग लहान. अंगणात खडूने, भिंतीवर ओल्या फडक्याने, हात खांद्यातून फिरू दे. ओल्या रेतीत बोटाने. वही त्यानंतर. वहीवर बसेल तेव्हा पाय जमिनीला टेकलेले हवेत, हवेत लोंबकळणारे नकोत. टेबल उंच असेल तर पायाखाली पाट द्या. पेन्सिल बोटभर लांबीची, मऊ, दोन-बी. आपल्याकडे पावसात वहीचा कागद दमट होतो आणि टणक पेन्सिल तो खरवडते, मग मूल आणखी जोर देतं. एका बैठकीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. हात दुखतो म्हटलं की थांबायचं, 'एवढी ओळ पुरी कर' नाही.

गिरवण्याबद्दल. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. काही अक्षरं मुलांनी कळफलकावर दाबली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही बघून स्वतः काढली. नंतर ती अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं. वाचनाशी जोडलेले भाग ठळकपणे जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांना. वाकडीतिकडी का असेनात.

तांबडीमाती

@हातगुण, एक मिनिट. पाटीपेन्सिलबाई म्हणतात बोटाने गिरवा, तुम्ही म्हणता गिरवून उपयोग नाही. नक्की काय?

हातगुण

रास्त प्रश्न. त्या प्रयोगातली मुलं थोडी होती आणि अक्षरं छापील होती, कर्सिव्ह नव्हती. त्यामुळे त्यावर सगळा इमला उभारू नये. पण तिथलं गिरवणं ठिपक्यांवर पेन्सिल नेणं होतं. खरखरीत अक्षरावर बोट फिरवताना मूल बोलत असतं, आकार बोटाला जाणवतो, आणि लगेच तो आठवून दुसरीकडे काढायचा असतो. खरं शिकणं त्या आठवून काढण्यात आहे. ठिपक्यांच्या पानावर आठवायची वेळच येत नाही. म्हणून मी पालकांना सांगते, दोनदा बोटाने, एकदा डोळे मिटून हवेत, एकदा कागदावर आठवून. झालं. चार वेळा. पानभर नाही.

आणि कर्सिव्हची एक चांगली बाजू. 'बी' आणि 'डी' उलटसुलट करणाऱ्या मुलांना ते सोपं जातं. छापीलमध्ये दोघांत काठी आणि गोळा एवढंच, इकडे की तिकडे हाच फरक. कर्सिव्हमध्ये 'डी' वळणाने सुरू होतो, 'बी' फाशाने. हाताची सुरुवातच वेगळी, त्यामुळे घोटाळा कमी. ब्रिटनच्या डिस्लेक्सिया संघटनेचा सल्लाही सलग वळणाच्या अक्षराकडे झुकणारा आहे. म्हणून 'कर्सिव्ह वाईट' असं माझं म्हणणं नाही.

लेफ्टी

माझा मुलगा डावरा आहे. सासरी रोज कोणीतरी पेन्सिल उजव्या हातात देतं. कर्सिव्हमध्ये तर 'उजव्यानेच येतं' असं टीचरही म्हणाल्या. खरं आहे का?

हातगुण

नाही. हात बदलू नका. कागद बदला. उजव्या हाताचं मूल कागद डावीकडे कलता ठेवतं, तुमच्या मुलाने उजवीकडे कलता ठेवायचा, शरीराच्या मध्यापासून थोडा डावीकडे. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायची, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि मनगट वरून वाकडं करावं लागत नाही. नमुन्याचं अक्षर वहीच्या उजव्या कडेलाही काढून घ्या. डाव्या कडेचं त्याच्याच हाताखाली झाकलं जातं, तो बघणार कशातून? वर्गात बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी रोज लढाई.

कुळागर

शाळा बदला, हा प्रतिसाद मी मागे घेतो. अंगणात खडू घेऊन बसलोय. स्वतःचाच 'एस' येत नाहीये.

बोरूबहाद्दर

कुळागर, खालून तिरपं चढा, वर किंचित टोक, मग पोट फुगवून खाली आणि चढाच्या रेघेला टेका. पोटात शिरू नका.

शेवतीचीवेणी

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. चतुर्थी आटोपली, थोडं सांगते.

पत्त्यांचा खेळ चालला. ओळखीची अक्षरं आधी घेतल्यामुळे ती हट्टाने पुढची मागायला लागली. 'आर' अजून अधूनमधून 'एन' होतो, पण शब्दात असला तर ओळखते. 'रॅट' वाचलं, 'नॅट' म्हणाली नाही. खरखरीत अक्षरं आजीनेच कापली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण कात्री माझ्यापेक्षा बरी चालते. आता नात आजीला उच्चार शिकवते, त्यामुळे सगळं दोनदा होतं. खालच्या रेघेला आमच्या घरी 'सोपो' हेच नाव पडलंय.

टीचरना भेटले. भांडायला नाही, तक्ता मागायला. तक्ता मिळाला, बोलणंही झालं. पान पुरं करायलाच हवं यावर त्या ठाम आहेत, कारण वह्या वर तपासल्या जातात. शेवटी ठरलं की अर्धं पान गिरवायचं आणि अर्ध्यात तिने आठवून काढलेली अक्षरं, कशीही आली तरी लाल फुली नाही. एवढं मिळालं. बाकी पालकांपैकी कोणाला हे पटलं नाही, त्यांना सुंदर पान हवंय.

एक नवी अडचण. सुटी अक्षरं येतात, पण जोडायला सांगितलं की 'ओ' नंतरचं अक्षर तुटतं. 'ऑन' लिहिताना 'ओ' संपवून खाली येते आणि मग पुन्हा चढते, मध्ये भलतंच काहीतरी तयार होतं, 'ए'सारखं दिसणारं.

पाटीपेन्सिल

ही अडचण येणं म्हणजे तुम्ही बरंच पुढे आलात. कर्सिव्हमध्ये बहुतेक अक्षरं खालच्या रेघेवर संपतात आणि तिथूनच पुढच्याचा चढ सुरू होतो. चारच अक्षरं वर संपतात: बी, ओ, व्ही, डब्ल्यू. त्यांच्यापुढची जोडणी वरच्या वर करायची असते, दोन खांबांमध्ये दोरी ताणल्यागत आडवी. खाली उतरायचंच नाही. शाळा सव्वीस अक्षरं करून घेतात आणि जोडण्या मुलांनी आपोआप शोधाव्यात असं धरून चालतात. त्या वेगळ्या शिकवाव्या लागतात.

जोड्या म्हणूनच शिकवा. 'ओएन', 'ओडब्ल्यू', 'व्हीई', 'डब्ल्यूई', एकेका जोडीला एक अक्षर समजून. 'बीआर' आणि 'ओएस' सगळ्यात त्रासदायक, त्या पहिलीपर्यंत राहू द्या. आणि पेन्सिल मध्ये उचलली तर उचलू द्या. शब्दभर हात न उचलण्याचा हट्ट वहीत छान दिसतो. मोठी माणसं लिहिताना कितीदा उचलतात ते स्वतःचं अक्षर बघून मोजा.

लेफ्टी

अवांतर: कागद उजवीकडे कलता ठेवल्यापासून मनगट सरळ झालं. आता सासरे म्हणतात, 'बाकी सगळे तिरपे बसलेत.' पण मोठ्या अक्षरांचं काय करायचं? आमच्या तक्त्यात कर्सिव्ह कॅपिटल 'क्यू' चक्क इंग्रजी दोनच्या आकड्यासारखा आहे. तो दोनच म्हणतो, मीही काय सांगणार?

पाटीपेन्सिल

मोठी कर्सिव्ह अक्षरं दुसरीपर्यंत बाजूला ठेवा. वाक्याच्या सुरुवातीला छापील कॅपिटल आणि पुढे कर्सिव्ह, हे चालतं, वाचायलाही बरं पडतं. शाळेने आग्रह धरलाच तर फक्त त्याच्या नावाचं पहिलं अक्षर शिकवा, ते त्याला रोज लागेल. 'क्यू'ने सुरू होणारं नाव आपल्या गावात एकाचंही नाही.